प्रकल्प नोंदी: १५ कॅरेटचा व्हिक्टोरियन गार्नेट ब्रोच, तुटकी बिजागरी आणि शिशाचा जुना डाख

६ जानेवारी २०२५: आल्याबरोबरची तपासणी

लंबगोल ब्रोच. ४५ × ३८ मि.मी., वजन १६.८२ ग्रॅम. मध्यभागी २० × १५ मि.मी.चा गडद लाल, बिनपैलू, घुमटी घाटाचा गार्नेट. अशा दगडाला इंग्लंडमध्ये कार्बंकल म्हणतात. कोंदण मागून बंद. दगडाभोवती २४ अर्धमोत्यांची ओळ, त्यातले दोन गळालेले. त्याबाहेर पिळाची तार, आणि सर्वांत बाहेरच्या रुंद पट्टीवर रव्यांचे, म्हणजे सोन्याच्या बारीक गोल दाण्यांचे, त्रिकोण. मागच्या बाजूला काचेचा छोटा कप्पा, आत विणलेल्या केसांची पट्टी.

दोष असे:
– बिजागरी मोडलेली. ती पूर्वी कुणीतरी शिसे-कथलाच्या डाखाने (वितळवून धातू जोडणाऱ्या मिश्रधातूने) चिकटवली आहे. करडा डाख मागच्या पत्र्यावर साधारण ९ मि.मी. पसरला आहे.
– पिन मूळची नाही. आखूड, पोलादी, टोकाशी गंजलेली.
– गार्नेटच्या कडेला, घड्याळातल्या सातच्या जागी, आतून करडा डाग.
– पट्टीच्या उंचवट्यांवर सोन्याची मूळ मॅट झिलई पॉलिशच्या चाकाने उडालेली.

बाकी बांधा मजबूत आहे. कप्प्याच्या काचेला तडा नाही आणि केसांवर बुरशी नाही.

काम सुरू करण्याआधी पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात फोटो घेतले. तिरपा उजेड महत्त्वाचा, कारण जुन्या दुरुस्तीच्या कडा आणि कानशीचे ओरखडे समोरच्या उजेडात दिसत नाहीत.

७ जानेवारी: काळ कसा ठरवला

हॉलमार्क नाही. यावरून शंका घेण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये १७३८ च्या कायद्याने खडे जडवलेल्या बहुतेक दागिन्यांना छाप घेण्यातून सूट दिली होती, त्यामुळे व्हिक्टोरियन ब्रोच बिनछापाचे सर्रास मिळतात. धातूचा कस मात्र काळाची एक बाजू पक्की करतो. १५ कॅरेट हा दर्जा तिथे १८५४ मध्ये, ९ आणि १२ कॅरेटबरोबर, कायदेशीर झाला आणि १९३२ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी १४ कॅरेट आले.

बाकीचा अंदाज घडणीवरून. पिन अडकवायचा आकडा साधा, इंग्रजी 'सी'सारखा, कुलूप नसलेला. फिरत्या कडीचा सुरक्षित आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, तो इथे कधी बसवलेला नव्हता. बिजागरी नळ्यांची. रवे आणि पिळाची तार ही प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या दागिन्यांच्या धर्तीवरची लाट. रोमच्या कास्तेलानी घराण्याने ती उभी केली, १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत इंग्रज कारखान्यांनी ती स्वस्तात उतरवली. ब्रोच १८६० ते १८८० च्या दरम्यानचा धरला आहे.

भिंगाखाली रव्यांकडे पाहिले की कारखान्याचे काम आणि कास्तेलानींची हौस यांतला फरक कळतो. इथे प्रत्येक रव्याच्या पायथ्याशी डाखाचे छोटे तळे साचले आहे. प्राचीन कामात रवा फक्त एका बिंदूवर टेकलेला दिसतो. ते कसब कास्तेलानींनाही पूर्ण साधले नाही. १९३३ मध्ये लिटलडेल यांनी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत तांब्याचा क्षार आणि सरस यांनी रवे चिकटवतात. तापवल्यावर सरसाचा कोळसा होतो, ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तो क्षारातले तांबे मोकळे करतो, आणि ८९० च्या जवळपास त्या तांब्याचा सोन्याशी मिश्रधातू होऊन रवा जोडला जातो. डाख घालावाच लागत नाही.

केसांचा कप्पा आहे म्हणजे ब्रोच शोकाचा, हे समीकरण बरोबर नाही. शोकाच्या दागिन्यावर सहसा काळा मिना, तारीख किंवा 'स्मरणार्थ' अशा अर्थाचा मजकूर असतो. इथे यातले काही नाही. जिवंत माणसाचे केसही प्रेमाने असे जपत.

८ जानेवारी: खडा

दगड बंद कोंदणात असल्यामुळे विशिष्ट घनता काढता येत नाही. जे करता आले ते असे.

रिफ्रॅक्टोमीटरवर (खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) घुमटाच्या माथ्यावरून ठिपका पद्धतीने वाचन १.७८ च्या आसपास, म्हणजे उपकरणाच्या द्रवाच्या मर्यादेला अगदी लागून. फक्त त्यावर विसंबता येत नाही. खरा पुरावा स्पेक्ट्रोस्कोपचा. खडा प्रकाशातले कोणते रंग शोषतो ते त्यात काळ्या पट्ट्यांनी दिसते. दिवा वरून तिरपा टाकला, दगडाखालच्या चकचकीत फॉइलवरून परतलेला प्रकाश पकडला. ५०५, ५२७ आणि ५७६ नॅनोमीटरवर तीन काळे पट्टे स्पष्ट. हा अल्मंडाइन, लोहयुक्त गार्नेट. पट्टे असे आणि अतिनील दिव्याखाली निपचित, त्यामुळे माणकाचा प्रश्न मिटला. राजस्थानातून अल्मंडाइन त्या काळी युरोपात जात असे, पण या दगडाचे गाव नुसत्या पट्ट्यांवरून सांगता येत नाही.

गार्नेट-काच जोडखडा आहे का, हेही पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेवर गार्नेटची पातळ चकती वितळवून चिकटवलेले खडे ढिगाने निघाले. कडेजवळ चकाकी बदलणारी रेघ आणि एकाच पातळीत पसरलेले बुडबुडे ही त्यांची खूण. इथे दोन्ही नाहीत. दगडाचे पोट मात्र आतून कोरून पोकळ केले आहे. अल्मंडाइन जाड असला की काळाच दिसतो. पोट कोरून आणि खाली चांदीचे फॉइल घालून तो उजळवतात. आपल्या कुंदनकामातही बंद घरात खड्याखाली वर्ख घालतात तो याच कारणाने.

निओडिमियम चुंबकाची चाचणी लावली नाही. अल्मंडाइन चुंबकाकडे ओढला जातो हे खरे, पण मागे पोलादी पिन असताना नेमके काय ओढले गेले ते कळणार नाही.

९ जानेवारी: धातू

एक्स-रे फ्लुरोसन्सने, म्हणजे किरण टाकून पृष्ठावरच्या धातूंचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्राने, चार जागा तपासल्या. समोरच्या मॅट भागावर सोने ७४%, झिजलेल्या उंचवट्यावर ६६%, मागच्या कडेच्या ओरखड्यात ६२.६%. तिन्ही आकडे खरे आहेत. मॅट झिलई सोरा, तुरटी आणि मीठ २:१:१ प्रमाणात तापवून देत. त्यातून निघणारी आम्ले पृष्ठावरचे तांबे आणि चांदी खातात, वर शुद्ध सोन्याचा मखमली थर उरतो. किरण त्या थराचे वाचन जास्त उचलतो. झिलई असलेल्या भागावर एकदाच यंत्र लावून कॅरेट लिहिणारा हा ब्रोच १८ कॅरेटचा ठरवेल. कसोटीच्या दगडावर कस लावला तोही मागच्या ओरखड्याजवळचाच.

करड्या डाखात शिसे आणि कथील. अपेक्षेप्रमाणे.

१३ जानेवारी: काय करायचे नाही

कामाचा आराखडा नकारांपासूनच सुरू होतो, कारण या ब्रोचचे बहुतेक नुकसान सफाई करणारे हातच करू शकतात.

पाण्यात बुडवायचे नाही. कोंदणाच्या कडेतून ओल आत गेली की फॉइल काळे पडते. सातच्या जागचा डाग तसाच आला आहे. अल्ट्रासॉनिक आणि वाफ याच कारणाने बाद, शिवाय केसांचा कप्पा आणि लाखेवर बसलेले मोती आहेतच.

आम्ल नाही. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सौम्य पिकलसुद्धा (सोनाराचे सफाईचे आम्ल) त्याची चमक खाते.

स्पिरिट आणि ॲसिटोन नाही. अर्धमोत्यांखालची बैठक लाखेची आहे आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मोती आज जागेवर दिसतात आणि पुढच्या आठवड्यात एकेक करून सुटतात.

ज्योत नाही. पक्क्या डाखाला ७०० अंशांच्या वर जावे लागते. फॉइल, केस, लाख, मोती, काच, कुणीच तिथवर टिकत नाही. त्याहून मोठा धोका शिशाचा. सोने आणि शिसे २१५ अंशांच्या आसपासच एकमेकांत वितळू लागतात. पत्र्यावर शिसे असताना ज्योत लावली तर डाख सोन्याला खात खोल जातो, पत्र्याला भोके पडतात, आणि उरलेले सोने ठिसूळ होते.

पॉलिशचे चाक नाही. झिलईचा थर काही मायक्रॉनचा, चाकाच्या एका फेऱ्यात जातो.

१५ जानेवारी: सफाई

कापसाचा बोळा शुद्ध पाण्यात बुडवून पिळून जवळजवळ कोरडा केला, आधी त्यात नॉन-आयॉनिक साबणाचा एक थेंब. फक्त बाहेरची पट्टी आणि मागचा पत्रा पुसला. कोंदणाच्या कडेपासून दोन मि.मी. दूर राहून, ब्रोच उभा धरून, म्हणजे थेंब घरंगळला तरी दगडाकडे जात नाही. लगेच दुसऱ्या ओल्या बोळ्याने साबण काढला, मग कोरडा बोळा.

रव्यांमध्ये वाळलेल्या साबणाचा आणि पॉलिशच्या मेणाचा पांढरट थर होता. तो बांबूच्या तासलेल्या काडीने, व्हाइट स्पिरिटमध्ये टोक ओले करून, सूक्ष्मदर्शकाखाली काढला. व्हाइट स्पिरिट मेण विरघळवते आणि लाखेला हात लावत नाही, नाव सारखे असले तरी वरच्या स्पिरिटशी त्याचा संबंध नाही. पोलादी सुई वापरायची नाही, १५ कॅरेटवर तिची रेघ कायमची राहते.

काचेभोवतीच्या खाचेतला मळ कोरड्या मऊ ब्रशने. कप्पा उघडला नाही. काचेची चौकट दाबून बसवलेली आहे, ती उचकटली की पुन्हा तितकी घट्ट बसत नाही, आणि आत करण्यासारखे काही नाही.

१७ जानेवारी: शिसे काढणे

या कामातला सर्वांत वेळखाऊ टप्पा. २० पट मोठे करून पाहताना तासणीने शिसे थरथर खरवडले. सोन्याचा पिवळा रंग दिसू लागला की तासणी जवळजवळ आडवी धरायची आणि दाब कमी करायचा. शिसे मऊ, निघताना ओघळल्यासारखे वळते. सोन्याचा कीस कोरडा आणि सरळ येतो. हातालाच फरक कळतो.

कीस फुंकायचा नाही. ओलसर टिशूने उचलून झाकणबंद डबीत, हातमोजे, मास्क, आणि टेबलाला वेगळा कागद.

जुन्या दोन्ही नळ्यांमध्ये शिसे आतवर शिरले होते, एक नळी तर कीडल्यासारखी सच्छिद्र. त्या वाचवल्या नाहीत. कापून काढल्या, पिशवीत नोंद करून ठेवल्या. त्यांच्याखालच्या पत्र्यावर पुन्हा फ्लुरोसन्स लावला, आलेखातले शिशाचे शिखर दिसेनासे होईपर्यंत खरवडणे सुरू ठेवले. शेवटी पत्र्याची जाडी ०.५५ वरून ०.४८ मि.मी. झाली. एवढी किंमत मोजायलाच हवी. ज्योत बाद असल्याने नव्या नळ्या लेझरने जोडायच्या आहेत, आणि मागे अंशभर शिसे उरले तर लेझरच्या पहिल्या पल्सला (क्षणभराच्या झोताला) ते उकळून उडते आणि जोडात बुडबुड्यांची चाळण होते.

२१ जानेवारी: मिश्रधातू आणि नळ्या

१५ कॅरेटचा तयार माल बाजारात मिळत नाही, म्हणून गाळला. ४ ग्रॅमसाठी शुद्ध सोने २.५० ग्रॅम, चांदी ०.६० ग्रॅम, तांबे ०.९० ग्रॅम. रंग किंचित तांबूस पिवळा, मागच्या पत्र्याशी जुळतो. आधी सोने आणि चांदी मुशीत वितळवली, तांबे शेवटी, वर टाकणखार. तांबे आधी घातले की ते काजळते आणि लाटताना कडा फाटतात.

ताव दिल्यावर, म्हणजे धातू मऊ करण्यासाठी तापवल्यावर, लालसर असतानाच पाण्यात विझवायचे. या प्रमाणातले सोने-तांबे हळू निवले तर अणूंची रचना बदलून धातू कडक होतो, आणि मग तार ओढताना मधोमध तुटते. छेद निम्मा झाला की पुन्हा ताव.

यातून तीन गोष्टी केल्या: लेझरसाठी ०.२५ मि.मी.ची भरतार, बाहेरच्या दोन नळ्या आणि मधली एक. नळीचा बाहेरचा व्यास १.६, आतला ०.८ मि.मी. लांबी १.७ + १.६ + १.७.

पिन ९ कॅरेटची. मोठ्या कॅरेटची पिन मऊ पडते, वाकली की वाकलेलीच राहते. जुन्या इंग्रजी ब्रोचमध्येही ब्रोचपेक्षा पिन हलक्या कॅरेटची असणे नेहमीचे. मधली नळी पिनला ज्योतीवर पक्क्या डाखाने जोडली. पिन ब्रोचपासून सुटी असल्याने इथे ज्योतीला हरकत नाही, आणि ताण येणाऱ्या जोडाला पक्का डाख लेझरपेक्षा भरवशाचा. डाखाच्या उष्णतेने पिन मऊ होते, म्हणून नंतर दोन चिमट्यांत धरून स्वतःभोवती पिळली आणि गुळगुळीत पोलादाने दाबून घासली. लवचिकता परत येते.

पिनेची लांबी हा निर्णयाचा भाग होता. त्या काळच्या पिना ब्रोचच्या कडेबाहेर डोकावतात. जाड लोकरी कापड आणि शाली यांत त्या रुतवायच्या असत. आकड्याच्या आतल्या झिजेवरून मूळ पिनेचा व्यास १ मि.मी.च्या जवळपास होता असे दिसते. हा ब्रोच आता साडीच्या पदरावर लागणार आहे. १ मि.मी.ची पिन रेशमात भोक पाडते. म्हणून मुळाशी ०.९ आणि टोकाकडे ०.५ पर्यंत निमुळती केली, लांबी कडेबाहेर ३ मि.मी. ठेवली. रूप जुने राहते आणि कापड वाचते.

२४ जानेवारी: लेझर

गार्नेट, मोती आणि काच यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, तिच्या कडा पुटीने बंद. परतलेला किरण गडद दगडात शोषला गेला तर आत चीर जाते. मोती तर जळतोच.

आधी त्याच मिश्रधातूच्या ०.५ मि.मी. पत्र्यावर सेटिंग जुळवले. ठिपका ०.३५ मि.मी., पल्स २.५ मिलिसेकंद, आर्गॉनचा झोत जोडाच्या अगदी जवळ. व्होल्टेज यंत्रागणिक बदलते, त्याचा आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. ठिपक्याकडे पाहून ठरवायचे: चकचकीत आणि किंचित खोलगट असला तर बरोबर, मध्ये खड्डा पडला तर शक्ती जास्त, काळी कड आली तर वायू कमी. जिथे जुना पक्का डाख आहे तिथे पल्स टाकायचा नाही, डाखातले जस्त वाफ होऊन काजळी आणि छिद्रे देते.

दोन्ही नळ्या एका ०.८ मि.मी. पोलादी सळईवर ओवून, मध्ये पिनेची नळी ठेवून, एकाच रेषेत धरल्या. सळईला आधी ग्रॅफाइट लावले, नाहीतर तीही जोडली जाते. आधी प्रत्येक नळीला समोरासमोर दोन टाके, मग सळई फिरवून पाहिली, मग भरतारेने पायथा भरला. एका बाजूने सलग जोडत गेल्यास धातू निवताना आक्रसतो आणि नळी तिरकी होते.

नळ्यांतून जाणारी बिजागरीची खिळी ९ कॅरेटच्या तारेची. दोन्ही टोके किंचितच फुलवली. जास्त ठोकली तर बिजागरी आवळते, आणि पुढचा माणूस ती काढताना नळी फोडतो.

मधल्या नळीची टाच पत्र्यावर टेकते. पिन आकड्यातून सोडली की साधारण १२ अंश वर उभी राहावी इतकी टाच कानशीने घासली. हा ताण नसेल तर पिन आकड्यात नुसती पडून राहते आणि चालताना निसटते. जास्त असेल तर झिजलेला आकडा उघडतो.

२८ जानेवारी: अर्धमोती

रिकाम्या घरांचा व्यास १.४ मि.मी., खोली ०.६. व्यास जुळणे सोपे, जाडी जुळणे कठीण. मोती उंच राहिला तर कापडात अडकतो, खोल गेला तर सोन्याच्या कण्या त्याला धरत नाहीत. जुन्या तुटक्या दागिन्यांतले नैसर्गिक अर्धमोती वापरले. नवे पांढरेशुभ्र मोती या मलईरंगी ओळीत दुरूनही वेगळे दिसतात.

घरातली जुनी लाख सुईसारख्या बांबूच्या टोकाने कोरडी उकरली. नव्या लाखेचा मोहरीएवढाही नाही असा कण गरम पोलादी टोकाने घरात टाकला, मोती बसवला, निवल्यावर कण्या पोकळ टोकाच्या दाबणीने मोत्यावर वळवल्या. एका घराची एक कणी तुटलेली आहे. तिथे लेझरने धातू चढवणे शक्य होते, पण शेजारचा मोती अर्ध्या मि.मी.वर. उरलेल्या तीन कण्या मोती घट्ट धरतात. चौथीला हात लावला नाही.

३० जानेवारी: डाग आणि झिलई

फॉइलचा डाग तसाच ठेवला. दगड काढायचा तर कोंदणाची भिंत उचलावी लागेल. ती ०.२ मि.मी. जाड, एकदा वळलेली आणि ताव न देता वर्षानुवर्षे कडक झालेली. उचलताना फाटणार, आणि ताव देण्याचा मार्ग बंद आहे. समोरून डाग फक्त एका कोनात दिसतो. कडेला वार्निश भरून ओल अडवण्याची सूचना नेहमी पुढे येते, पण आत असलेली ओलही मग तिथेच कोंडते.

उडालेल्या झिलईवर विद्युत मुलामा देण्याची कल्पनाही बाजूला ठेवली. मुलाम्याच्या द्रवात बुडवणे म्हणजे वरचे सगळे नकार एकदम मोडणे. नव्या नळ्यांची चमक तेवढी बारीक प्यूमिस (घासायच्या सच्छिद्र दगडाची पूड) आणि लाकडी काडीने मारली.

३ फेब्रुवारी: शेवटची तपासणी आणि सुपूर्द

वजन १६.९४ ग्रॅम. जाड सुती कापडाच्या घडीवर आणि रेशमावर लावून ओढून पाहिले, पिन सरकली नाही. १० पट भिंगाखाली जोडांत चीर नाही. बोटाने हलके दाबून चोवीसही मोती तपासले.

सोबत दिलेली सूचना: अत्तर, केसांचा स्प्रे आधी आणि ब्रोच सर्वांत शेवटी. पुसायचा तो कोरड्या मऊ कापडाने. हवाबंद प्लास्टिकमध्ये नको आणि सिलिका जेलच्या पुड्यांतही नको, अति कोरड्या हवेत मोती तडकतात. ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, मऊ कापडी पेटी, दुसऱ्या दागिन्यांपासून वेगळा. दर सहा महिन्यांनी आकड्याची तोंडाची फट पाहावी. ती पिनेच्या जाडीहून जास्त झाली तर आकडा घरी पकडीने दाबू नये, झिजलेला आकडा नेमका वळणावर तुटतो.

काढलेल्या दोन नळ्या आणि पोलादी पिन वेगवेगळ्या पिशव्यांत, शिशाची खूण करून, फोटो आणि फ्लुरोसन्सच्या आलेखांसह मालकांकडे दिल्या.